दगडाचा आंबटपणा

मराठी शिकवणाऱ्या माणसाला एक खोड जडलेली असते. हातात लिहिलेला कागद आला की तो वाचून होण्याआधीच लाल पेन बाहेर येते. लग्नपत्रिका असो, दुकानाची पाटी असो की वाण्याची यादी असो, ऱ्हस्वदीर्घ सुधारल्याखेरीज जिवाला चैन पडत नाही. ही खोड मलाही आहे. अठरा वर्षे तिने माझे फारसे काही बिघडवले नव्हते. दोन वर्षांपूर्वी मात्र तिच्यापायी एका मुलीचे गुण गेले, एका सज्जन सहकाऱ्याला वर्गापुढे मान खाली घालावी लागली, आणि मला चाळिशी उलटल्यावर दगड आंबट कसा होतो हे शिकावे लागले.

त्याचे असे झाले. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. त्या दिवशी आमच्या महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे सर मराठीतून व्याख्यान देणार होते. विषय होता झिओलाइट. व्याख्यानाबरोबर एक छोटी पुस्तिकाही छापावयाची होती. सर मजकूर घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, शास्त्र माझे आहे, मराठी तुमच्या स्वाधीन."

पुस्तिकेच्या चौथ्या पानावर एकापुढे एक अशी दोन वाक्ये होती. झिओलाइटात आम्लपणा येतो तो ॲल्युमिनियममुळे, असे पहिले वाक्य सांगत होते. आणि लगेच दुसरे म्हणत होते, 'ॲल्युमिनियम जितके कमी, तितके आम्ल प्रखर.' मला वाटले, ही सरांची घाई. ज्याच्यामुळे आंबटपणा येतो तेच कमी केल्यावर आंबटपणा वाढेल कसा? चिंच कमी घातल्याने आमटी अधिक आंबट झाल्याचे कोणी ऐकले आहे काय? मी 'कमी' खोडले, वर 'अधिक' लिहिले, आणि या हलगर्जीपणाबद्दल मनातल्या मनात सरांचे दोन गुण कापले.

सरांनी मुद्रिते तपासली नाहीत. त्यांचा माझ्यावर विश्वास होता. पुस्तिका छापून निघाली आणि वाटली गेली. पुढे महिन्याभराने तृतीय वर्षाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका मुलीला नेमके हेच विचारले. तिने पुस्तिकेतले वाक्य धडाधड म्हणून दाखवले. परीक्षकांनी नकारार्थी मान हलवली. मुलगी रडवेली होऊन पुस्तिका घेऊन सरांकडे गेली. दुसऱ्या दिवशी सर वर्गात उभे राहिले आणि म्हणाले, "पुस्तिकेवर नाव माझे आहे, तेव्हा चूकही माझीच." माझे नाव त्यांनी काढले नाही. ही हकीगत मला कळली ती प्रयोगशाळेच्या शिपायाकडून.

त्याच दुपारी मी प्रयोगशाळेत गेले. "सर, ते वाक्य मी बदलले होते," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. हस्तलिखित माझ्यापाशी आहे," सर म्हणाले. "बसा. चहा सांगतो. आणि वेळ असेल तर ते वाक्य समजूनच घ्या."

उकळणारा दगड

सरांनी कपाटातून एक दगड काढला. काळ्या कातळाच्या पोकळीत फिकट गुलाबी स्फटिकांची जुडी, गव्हाच्या पेंढीसारखी मध्ये आवळलेली. मी तो ओळखला. आजोळी विहीर खणताना असे दगड निघत. आम्ही त्यांना सरसकट गारगोट्या म्हणत असू आणि त्यांनी घर घर खेळत असू. गारगोटी ती नव्हेच. हा स्टिल्बाइट, झिओलाइटांच्या कुळातला.

आपला महाराष्ट्र या दगडांचे माहेरघर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिले आणि स्फटिक वाढले. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून रेल्वेसाठी बोगदे खोदले गेले तेव्हा या कुळातले आणि त्याच्या सोबतीचे नामांकित नमुने विलायतेच्या संग्रहालयांत पोहोचले. आज सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात ते आपल्यालाही पाहावयास मिळतात.

सरांनी एक कपची फोडून परीक्षानळीत टाकली आणि नळी ज्योतीवर धरली. थोड्या वेळाने नळीच्या थंड तोंडापाशी पाण्याचे थेंब जमले. कोरड्या दगडातून पाणी! १७५६ साली स्वीडनच्या क्रॉनस्टेट या खनिजशास्त्रज्ञाने असाच दगड ज्योतीत धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. म्हणून त्याने ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडून नाव ठेवले झिओलाइट, म्हणजे उकळणारा दगड.

हे पाणी राहते कोठे? दगडाच्या आतल्या बोळांत. सिलिकॉनचा एक अणू मध्ये आणि त्याच्याभोवती ऑक्सिजनचे चार, अशी चौकोनी नव्हे तर चार टोकांची एक वीट कल्पावी. प्रत्येक ऑक्सिजन दोन विटांत सामाईक असतो. अशा विटा जोडत गेले की जाळी तयार होते, आणि झिओलाइटाच्या जाळीत ठरावीक मापाची दालने व बोळ असतात. झेडएसएम-५ नावाचा एक कृत्रिम झिओलाइट आहे. अमेरिकेतल्या मोबिल कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तो तयार केला आणि १९७२ साली त्याचे एकस्व मिळाले. मिलिमीटरचे वीस लाख भाग केले तर त्यांतल्या एकाएवढी त्याच्या बोळांची रुंदी. सडपातळ रेणू त्यातून सुळकन जातो, अंगाने रुंद असलेला अडखळतो.

किती आणि केवढे

आता आंबटपणा. सिलिकॉनला चार हात असतात, म्हणजे त्याची संयुजा चार. ॲल्युमिनियमला तीनच. काही विटांत सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसला की हिशेब चुकतो आणि जाळीवर ऋण विद्युतभार शिल्लक राहतो. तो भार फेडावयास कोणीतरी धन भाराचा सोबती लागतो. खाणीतल्या दगडात हे काम सोडियम किंवा कॅल्शियम करतात. कारखान्यात त्यांच्या जागी आधी अमोनियम बसवतात आणि मग पूड तापवतात. अमोनिया उडून जातो आणि मागे उरतो एकटा प्रोटॉन. तो सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम यांच्या मधल्या ऑक्सिजनला चिकटून बसतो. प्रोटॉन देऊ करतो तो आम्ल, अशी आम्लाची व्याख्या आहे. दगड आंबट झाला तो असा.

"म्हणजे जितके ॲल्युमिनियम तितके प्रोटॉन," मी म्हणाले. "मग माझे काय चुकले?"

"तितके म्हणजे किती ते सांगितलेत. केवढे ते सांगितले नाहीत." सर हसले. "बाई, हा फरक तुमच्याच भाषेतला आहे. दहा भोपळी मिरच्या आणि एक लवंगी मिरची. संख्या कोणाची अधिक आणि तिखट कोण?"

मी गप्प झाले. किती हा संख्येचा प्रश्न, केवढे हा आकाराचा आणि जोराचा. हे मी दरवर्षी प्रथम वर्षाच्या मुलांना शिकवते!

आम्ल प्रखर की सौम्य हे प्रोटॉन किती आहेत यावर ठरत नाही, तो ऑक्सिजनने किती घट्ट धरून ठेवला आहे यावर ठरते. सहज सुटणारा प्रोटॉन म्हणजे प्रखर आम्ल, सुटता सुटत नाही तो सौम्य. ॲल्युमिनियमचे अणू जवळ जवळ असले तर ते एकमेकांचा जोर कमी करतात. अगदी खेटून तर ते बसतच नाहीत; एकच ऑक्सिजन दोन ॲल्युमिनियमनी वाटून घ्यावयाचा नाही, हा नियम लोवेनस्टाइन याने १९५४ साली मांडला. म्हणून जाळीत ॲल्युमिनियम फार तर निम्मे. ते विरळ करत गेले की प्रत्येकाजवळचा प्रोटॉन अधिक सैल, म्हणजे अधिक प्रखर होतो. संख्या घटते आणि जोर वाढतो.

"पण माझे वाक्यही अर्धेच होते," सर म्हणाले. "ॲल्युमिनियम एकमेकांपासून पुरेसे लांब गेले की जोर वाढावयाचा थांबतो. त्यापुढे नुसती संख्याच घटते. हे मी लिहावयास हवे होते. मग तुम्हालाही ते खोडावेसे वाटले नसते."

जागा तीच, स्वभाव निराळा

मी विचारले, "मग जोर त्याहून कमी-अधिक करावयाचा झाला तर?"

"तर बसणारा बदलावयाचा," सर म्हणाले.

ॲल्युमिनियमऐवजी तीनच संयुजेचे दुसरे मूलद्रव्य त्या जागी बसवावयाचे: गॅलियम, लोह किंवा बोरॉन. प्रत्येकाची संयुजा तीन, म्हणून प्रत्येकाबरोबर प्रोटॉन एकच येतो. संख्या जिथल्या तिथे राहते, जोर मात्र बदलतो. मोबिल कंपनीतल्या चू आणि चँग या शास्त्रज्ञांनी १९८५ साली झेडएसएम-५च्या जाळीत हे चारही बसवून त्यांची तुलना प्रसिद्ध केली. सर्वांत प्रखर ॲल्युमिनियमचे आम्ल, त्याखाली गॅलियमचे, मग लोहाचे, आणि बऱ्याच अंतरावर तळाशी बोरॉनचे.

हे मोजतात कसे? एक रीत सोपी आहे. पुडीला पोटभर अमोनिया पाजावयाचा आणि मग तिला हळूहळू तापवावयाचे. सौम्य आम्ल अमोनियाला लवकर सोडते, प्रखर आम्ल मोठ्या उष्णतेपर्यंत सोडत नाही. कोणत्या तापमानाला किती अमोनिया बाहेर पडला, यावरून किती आणि केवढे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात. दुसरी रीत अवरक्त किरणांची. ऑक्सिजन आणि प्रोटॉन यांच्यातला बंध तारेसारखा थरथरतो. त्याच्या थरथरीचा आकडा ॲल्युमिनियमजवळ सुमारे ३६१०, गॅलियमजवळ ३६२०, लोहाजवळ ३६३० आणि बोरॉनजवळ ३७२५ येतो. तार जितकी सैल तितका तिचा सूर खाली, हे सतार लावणाऱ्याला सांगावयास नको. ॲल्युमिनियमचा सूर सर्वांत खाली, म्हणून त्याचा प्रोटॉन सर्वांत सैल.

बोरॉनचे असे का व्हावे? बोरॉनचा अणू लहान. त्याला तीन ऑक्सिजनांची संगत पुरते. प्रोटॉन धरून बसलेल्या चौथ्या ऑक्सिजनशी तो नावापुरतेच नाते ठेवतो. त्यामुळे तो ऑक्सिजन जणू एकट्या सिलिकॉनचाच होऊन राहतो आणि आपला प्रोटॉन घट्ट धरून ठेवतो.

हे ऐकताना मला आमच्या व्याकरणातली एक जुनी गोष्ट आठवली. पाणिनीच्या व्याकरणात एका वर्णाच्या किंवा रूपाच्या जागी दुसरे येते. मूळ असतो त्याला स्थानी म्हणतात, बदली येतो त्याला आदेश. आदेशाला स्थानीचे हक्क मिळतात. पण जेथे प्रत्यक्ष वर्णाच्याच गुणाचा प्रश्न असतो तेथे हे हक्क चालत नाहीत. मी हे सांगितले तेव्हा सर खुर्चीत सरसावून बसले. "अगदी हेच! प्रोटॉन किती, हा जागेचा हक्क. केवढा, हा बसणाऱ्याचा स्वभाव." त्या दुपारी मी सरांना काही देऊ शकले असेन तर ते एवढेच.

बदली बसवणे वाटते तितके सोपे नसते. जाळी तयार होत असतानाच धातूचा क्षार त्या खळीसारख्या मिश्रणात घालावा लागतो, आणि बंद भांड्यात दीडशे अंशांच्या पुढे तापवून कधी दिवसच्या दिवस वाट पाहावी लागते. लोहाच्या बाबतीत परीक्षा डोळ्यांनीच होते. लोह जाळीत नीट बसले तर पूड पांढरी शुभ्र निघते. तांबूस झाक आली की समजावे, पाहुणा घरात न जाता ओसरीवर गंजत बसला आहे. आत बसलेलेही कायमचे बसतात असे नाही. फार तापवले किंवा वाफेत ठेवले तर लोह आणि गॅलियम ॲल्युमिनियमपेक्षा लवकर जागा सोडतात, आणि बोरॉन तर पाण्यानेही निसटतो. गंमत अशी की बाहेर पडलेले गॅलियम वाया जात नाही. ते हायड्रोजन काढून घेण्याचे काम करते, आणि प्रोपेन-ब्युटेनसारख्या वायूंपासून बेन्झीन-टोल्युइन बनवणाऱ्या एका प्रक्रियेत गॅलियमचा असाच उपयोग केलेला आहे.

सर्वांत प्रखर तेच चांगले काय?

आता कोणी विचारील, ॲल्युमिनियमचे आम्ल सर्वांत प्रखर, मग ते सोडून दुसऱ्यांच्या नादी कशाला लागावे? मीही हेच विचारले.

प्रखर आम्लाची थोरवी मोठी आहे, यात शंका नाही. खनिज तेलातले जड, लांबलचक रेणू तोडून पेट्रोल करण्यासाठी पूर्वी आम्लात धुतलेली माती वापरत. १९६२ साली मोबिलने प्लँक आणि रोझिन्स्की यांनी शोधलेला झिओलाइट त्या कामावर लावला, आणि तेवढ्याच तेलातून अधिक पेट्रोल निघू लागले. आपल्या स्कूटरमधले पेट्रोलही बहुधा अशा कुठल्यातरी आंबट पुडीवरून येते. पण जे आम्ल मोठे रेणू तोडते तेच आम्ल जपावयाचे रेणूही तोडते, त्यांना एकमेकांत गुंतवते आणि शेवटी त्यांची काजळी करते. ती काजळी बोळांत साठली की उत्प्रेरक निकामी.

स्वयंपाक करणाऱ्यास हे पटावयास वेळ लागू नये. पोह्यांवर लिंबू पिळतात, आमटीत आमसूल घालतात. प्रत्येक पदार्थाला त्याचा आंबटपणा लागतो. सर्वांत आंबट ते सर्वांत चांगले असे कोणतीही गृहिणी म्हणणार नाही.

याचे एक उदाहरण जपानचे आहे. नायलॉनच्या एका जातीसाठी कॅप्रोलॅक्टम नावाचे रसायन लागते. ते बनवताना शेवटच्या पायरीवर एरवी तीव्र सल्फ्युरिक आम्ल वापरतात, आणि मालाबरोबर त्याहून अधिक वजनाचे अमोनियम सल्फेट पदरी पडते. २००३ साली सुमितोमो केमिकल कंपनीने ही पायरी सल्फ्युरिक आम्लावाचून पार पाडणारा कारखाना चालू केला. त्यातला उत्प्रेरक झेडएसएम-५च्याच घडणीचा. मात्र त्यात ॲल्युमिनियम जवळजवळ नाही, म्हणजे आम्लही जवळजवळ नाही! त्याच्या आधीच्या पायरीवर जाळीत टायटॅनियम बसवलेला दुसरा झिओलाइट काम करतो. तो १९८३ सालच्या सुमारास इटलीत निघाला. टायटॅनियमची संयुजा चार, म्हणून त्याच्याबरोबर प्रोटॉन येतच नाही. तो आम्लाचे काम करत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड हाताशी घेऊन ऑक्सिजन देण्याचे काम करतो. बसणारा बदलला आणि जागेचा धंदाच बदलला.

दुसरे उदाहरण आपल्या घरातले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एन्सिलाइट नावाचे झिओलाइट उत्प्रेरक तयार केले. प्रयोगशाळेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरूनच ते नाव पडले. १९८०च्या दशकात असा उत्प्रेरक बडोद्याला झायलीन बदलण्याच्या कामी लागला. झायलीनच्या तीन भावंडांपैकी सडपातळ अशा पॅरा-झायलीनपासून पॉलिएस्टर होते. आपल्या टेरिलीनच्या साड्यांचे मूळ ते. येथेही आम्ल मर्यादेबाहेर गेले तर झायलीनचे रेणू आपल्या अंगावरचे तुकडे एकमेकांना देत बसतात आणि हवा तो माल हातचा जातो. जाळीत लोह बसवलेल्या झिओलाइटांवरही याच प्रयोगशाळेत पुष्कळ काम झाले, आणि रत्नसामी व राजीव कुमार यांनी १९९१ साली त्याचा सविस्तर आढावा लिहिला.

ही प्रयोगशाळा आहे पाषाणला. आणि पाषाणच्याच खाणींत स्टिल्बाइटचे व हिरव्या अपोफिलाइटचे देखणे स्फटिक सापडले आहेत. निसर्गाने एका बाजूला जे लाखो वर्षांत घडवले, त्याच्या जातीचे दगड माणूस शेजारीच आठवड्याभरात घडवत होता, आणि त्यांचा आंबटपणा आपल्याला हवा तसा लावून घेत होता. गावाचे नाव कोणी मुद्दाम ठेवले असते तरी इतके जुळले नसते.

चहा केव्हाच निवला होता. उठताना मी विचारले, "त्या मुलीच्या गुणांचे काय?"

"तोंडी परीक्षेचे गुण एकदा गेले ते गेले," सर म्हणाले. "मात्र तिला कारण कळले पाहिजे."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या वर्गात गेले. मराठीच्या बाई रसायनाच्या वर्गात आलेल्या पाहून मुले चकित झाली. मी फळ्यावर सरांचे मूळ वाक्य लिहिले, त्याखाली माझे लिहिले, आणि कोणाच्या लाल पेनाने ते बदलले हे सांगितले. ती मुलगी तिसऱ्या बाकावर बसली होती. तिने एकच प्रश्न विचारला, "मॅडम, तुम्हाला ते चूक वाटले तर सरांना विचारले का नाही?"

याला उत्तर नव्हते. अठरा वर्षे मी मुलांना सांगत आले होते की अर्थ कळल्याखेरीज शब्दाला हात लावू नये. आणि मीच, शब्द ओळखीचे दिसले म्हणून, अर्थही ओळखीचाच असणार असे धरून चालले होते. शास्त्राची मराठी बिघडते ती केवळ शास्त्रज्ञांच्या ओबडधोबड वाक्यांनी नव्हे. आमच्यासारख्यांच्या गुळगुळीत दुरुस्त्यांनीही बिघडते.

पुस्तिकेची दुसरी आवृत्ती मी माझ्या खर्चाने छापून दिली. चौथ्या पानावर आता असे आहे: 'ॲल्युमिनियम विरळ होत जाते तशी आम्लस्थाने संख्येने कमी, पण जोराने प्रखर होत जातात, ती एकमेकांपासून पुरेशी दूर गेली की जोर वाढावयाचा थांबतो.' वाक्य थोडे लांबले आहे. ते सरांनी लिहिले आणि त्याला मी हात लावलेला नाही.

लाल पेन अजून पर्समध्ये असते. शास्त्राचा कागद आला की मात्र मी पेन्सिल काढते, आणि शंका येईल तेथे समासात बारीकसे प्रश्नचिन्ह करून सरांच्या खोलीकडे निघते.